पहिल्या धारेची कुळकथा

चैत्राच्या तोंडावर उटनूर-इंद्रवेल्लीच्या रानात मोह पानं झाडून मोकळा होतो आणि पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. फिकट पिवळं, मांसल फूल चिमटीत धरलं की बोटं चिकट होतात. आदिलाबादच्या गोंडांच्या दारूचं मूळ या चिकटपणात, म्हणजे साखरेत आहे.

मद्याला आधी साखर लागते. जपानच्या साकेला ती आयती मिळत नाही, कारण तांदळात असतो स्टार्च. म्हणून तिथले कारागीर वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती स्टार्चची साखर करत जाते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं मद्य करत राहतं. मोहाला या खटाटोपाची गरज नाही. वाळवलेली फुलं माठात भिजवली की काही दिवसांत सडवा फसफसू लागतो.

साके नुसती गाळून घेतात. मोहाचा सडवा चुलीवर चढतो. खाली सडव्याचं मडकं, त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं, त्याच्या पोटात थेंब झेलणारं लहान भांडं आणि सगळ्यांत वर गार पाण्याचं पातेलं. सांधे चिखलाने लिंपलेले. वाफ वरच्या गार बुडाला लागते, निवते आणि थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात उतरते. वरचं पाणी कोमट झालं की लगेच बदलायचं आणि जाळ मंद ठेवायचा. आधी उतरते ती पहिल्या धारेची, सर्वांत कडक. पुढची पाणचट होत जाते. साकेचा पारखी तळाशी दोन निळी वर्तुळं असलेल्या पांढऱ्या पेल्यात रंग आणि नितळपणा पाहतो. इथे चार थेंब विस्तवावर टाकतात. भडका उडाला की माल खरा.

हे कूळ जुनं आहे. चरकसंहितेत ज्या फुलांची आसवं सांगितली आहेत, त्यांत धायटीबरोबर मोहही आहे. ते आसव नुसतं आंबवलेलं. भट्टी नंतर आली. गोंडांकडे ही दारू आधी पेनाला, म्हणजे देवाला, आणि पूर्वजांना वाहतात, मग माणसांच्या वाट्याला येते. 1940च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाईत राहिले आणि त्यांनी या समाजाचं जगणं बारकाईने नोंदवलं. त्यांचा राजगोंडांवरचा ग्रंथ 1948 साली आला.

मग ही विद्या चोरटी कशी झाली? मुंबई इलाख्यात 1878च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्यांवर गदा आणली. 1892च्या मोहरा कायद्याने तर ठाणे-कुलाब्यात फुलं बाळगण्यावरच बंधनं घातली. निजामी मुलखातही अबकारी हा तिजोरीचा मोठा आधार होता. जपानने 1899 साली घरगुती मद्य असंच बंद केलं, तेही करासाठीच. पण तिथे परवानाधारक कारखान्यांत कारागिरांची परंपरा मानाने टिकली. डिसेंबर 2024 मध्ये कोजीने मद्य करण्याची ही विद्या युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आपल्याकडे ‘हातभट्टी’ म्हटलं की आठवतो तो पोलिसांचा छापा आणि ओतून दिलेला सडवा.

दारूने घरं मोडतात, हे खरंच आहे. शेजारच्या गडचिरोलीत लोकांनी उठाव केला आणि 1993 पासून दारूबंदी आली. त्यामागचं बायकांचं दुःख कुणी हलकं लेखू नये. पण देवाला वाहायची दारू आणि ठेकेदाराने पाड्यात आणून विकलेली दारू एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. पहिलीला सणाची, कार्याची वेळ होती आणि वर गावाची नजर होती. दुसरीला फक्त गिऱ्हाईक हवं असतं.

आज उटनूरच्या बाया मोहफुलांचे लाडू वळतात आणि ते शाळकरी मुलांच्या हातात पडतात. फुलाला असा राजरोस मान मिळतो आहे, हे फार चांगलं झालं. तसाच मान भट्टीच्या विद्येलाही मिळावा. जाळ किती ठेवायचा, पाणी कधी बदलायचं, धार कुठे तोडायची, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडून ते गोंडीत आणि मराठीत लिहून घेतलं पाहिजे. गुन्ह्याच्या भीतीने ही माणसं गप्प राहिली, तर पेनापुढे वाहायची धारही उद्या दुकानातून विकत आणावी लागेल.