आघात राहिला, अक्षर गेलें

सिसेरोच्या काळची लॅटिन लोकांच्या तोंडीं बदलत गेली आणि तिच्यापासून इटालियन भाषा निर्माण झाली. या स्थित्यंतरांत विभक्तीचे प्रत्यय गळाले, व्यंजनें पालटलीं. परंतु ज्या अक्षरावर पूर्वीं जोर पडत असे, त्याच अक्षरावर तो बहुधा कायम राहिला.

लॅटिन आघाताचा नियम लघु-गुरु जाणणाऱ्या श्रोत्यांस परका वाटणार नाहीं. तीन वा अधिक अक्षरांच्या शब्दाचें उपान्त्य अक्षर गुरु असल्यास आघात त्यावर पडे. लघु असल्यास तो एक अक्षर मागें सरे. म्हणूनच 'आमीको' म्हणजे मित्र, या शब्दांत जोर 'मी'वर आहे. 'पोपोलो' म्हणजे लोक, या शब्दांत तो पहिल्या 'पो'वर आहे.

अक्षरें पाडण्याची रीतहि सोपी आहे. एकेरी व्यंजन पुढील स्वराबरोबर जातें. द्वित्त दुभंगतें, जसें नोत्‌-ते, म्हणजे रात्र. मात्र सकारानंतर दुसरें व्यंजन आल्यास लेखनांत दोन्हीं पुढें जातात : पा-स्ता.

आतां नगरवाचक शब्द पाहावा. लॅटिन 'कीविताटेम'चें 'चित्तादे' झालें आणि पुढें 'चित्ता' एवढेंच उरलें. दान्ते १३२१ सालीं वारला. त्याच्या लेखनांत हीं दोन्ही रूपें आढळतात. शेवटचें 'दे' गेलें, पण 'ता'वरील जोर हलला नाहीं. उपान्त्य अक्षर अशा रीतीनें अन्त्य झालें.

व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस यानें १५०१ सालीं पिएत्रो बेंबोकडून संपादन करवून पेट्रार्कचीं इटालियन काव्यें छापलीं. लुप्त स्वर दाखविणारें ग्रीक लेखनांतील चिन्ह या पुस्तकानें इटालियन मुद्रणांत आणलें. पुढें आघातचिन्हहि रूढ झालें. आज अनेकाक्षरी शब्दाच्या अन्त्य अक्षरावर जोर असेल, तरच तें देणें आवश्यक असतें. एरव्हीं वाचकानें जोर ओळखावयाचा. 'आंकोरा'च्या आरंभीं जोर दिल्यास नांगर, मधल्या अक्षरावर दिल्यास 'अजून' असा अर्थ होतो.

काव्यांत तर हा जोरच मापाचा आधार आहे. दान्तेचें वृत्त एकादशाक्षरी म्हणवतें. तथापि त्याचा खरा नियम दहाव्या अक्षरावरील आघाताचा होय. चरण 'चित्ता'नें संपला तर दहाच अक्षरें भरतात, 'पोपोलो'नें संपला तर बारा. तरी वृत्तभंग होत नाहीं.

'काफ्फे', म्हणजे कॉफी, यासारख्या परक्या शब्दांवरहि हें चिन्ह असतें. परंतु 'चित्ता'सारख्या पुष्कळ जुन्या शब्दांवरील ती लहानशी रेघ, पुढें एकेकाळीं आणखी एक अक्षर होतें, याचीच साक्ष देते.