माळढोक : शब्द, भूमी आणि संरक्षण

१

मराठीतील पक्षिनामे पुष्कळदा रंगावरून, चोचीवरून किंवा आवाजावरून पडलेली आढळतात. ‘माळढोक’ हे नाव मात्र त्या पक्ष्याचे राहण्याचे ठिकाण सांगते. ‘चामढोक’, ‘ढोकरी’ यांसारख्या नावांत येणारे ‘ढोक’ हे पद पाणथळीत वावरणाऱ्या, उंच पायांच्या पक्ष्यांचे आहे. तसाच उंच व डौलदार, परंतु पाण्याकडे न फिरकता कोरड्या, उघड्या भूमीवर चरणारा पक्षी पाहून त्या पदास कोणी तरी ‘माळ’ हे पूर्वपद जोडले असावे. ‘तणमोर’ या समासाची घडणही अशीच आहे. याच माळढोकास राजस्थानात गोडावण, गुजरातेत घोराड आणि हिंदी भाषाप्रदेशात सोनचिडिया किंवा हुकना म्हणतात. ‘हुकना’ हे नाव विणीच्या काळात घुमणाऱ्या नराच्या हुंकारावरून आले आहे. मराठी नावाने आवाजाऐवजी भूमीची निवड केली.

ही भाषिक बाब वरवर किरकोळ वाटेल. तथापि या पक्ष्याच्या संरक्षणाचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, कायदा, शासन आणि विद्वान या तिघांनीही बराच काळ या समासाच्या उत्तरपदाकडेच लक्ष दिले. पूर्वपद उपेक्षित राहिले. ती उपेक्षा कशी घडली व तिचा परिणाम काय झाला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

माळढोकाचे शास्त्रीय वर्णन प्रथम निकोलस व्हिगर्स याने १८३१ मध्ये केले. लगेच पुढच्या वर्षी कर्नल विल्यम हेन्री साइक्स याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडलेल्या साइक्सला हा पक्षी येथे विपुल आढळला होता. एका गृहस्थाने या प्रदेशात सुमारे एक हजार माळढोक मारल्याची नोंदही त्याने केली आहे. या एका नोंदीवरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या माळावर हा पक्षी दुर्मिळ नव्हता. आणि त्याच्या संहारात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

पक्ष्याची शरीररचना व जीवनक्रम लक्षात घेतल्यास अशा शिकारीचा परिणाम किती दूरगामी असेल याची कल्पना येते. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. उडू शकणाऱ्या अत्यंत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ चार आठवडे एकटीच उबविते. गुरांच्या पायाखाली येणे, कुत्रा, कोल्हा, मुंगूस, कावळा अशी अनेक संकटे त्या एका अंड्यावर असतात. ज्या जातीची वाढ इतकी मंद, तिची एका पिढीत झालेली हानी अनेक पिढ्यांनीही भरून निघत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात या पक्ष्याकडे लक्ष वेधण्याचे श्रेय मुख्यतः डॉ. सालिम अली आणि भावनगरचे धर्मकुमारसिंहजी यांच्याकडे जाते. राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाची निवड व्हावी असा सालिम अलींचा आग्रह होता. तो मान १९६३ मध्ये मोराला मिळाला. माळढोकाच्या इंग्रजी नावात एका अक्षराची चूक होऊन राष्ट्रीय पक्ष्याचे नाव अपशब्द ठरेल, ही भीती त्यामागे होती असे सांगितले जाते. या आख्यायिकेत तथ्य किती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ज्या पक्ष्याला देशी भाषांत इतकी समर्पक नावे होती, त्याचा विचार परक्या नावाच्या आधारे व्हावा, ही गोष्ट बोलकी आहे. पुढे १९६९ मध्ये धर्मकुमारसिंहजींनी देशातील माळढोकांची संख्या सुमारे १,२६० असल्याचा अंदाज केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास पहिल्या अनुसूचीत स्थान देऊन शिकारीस पूर्ण बंदी केली. बंदुकीपुरता प्रश्न येथे कायद्याने सोडविला. आणि तरीही संख्या घटतच गेली.

३

या विसंगतीचे कारण भूमीच्या परिभाषेत शोधावे लागते. ग्रामीण मराठीत उघड्या जमिनीसाठी शब्दांची वाण नाही. माळ, माळरान, कुरण, गायरान, पडीक या प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा आहे. कुरण राखून ठेवलेले असते. गायरान गावाच्या गुरांचे असते. पडीक म्हणजे एकेकाळी कसलेली व आता सोडून दिलेली जमीन. ‘माळ’ या शब्दात मात्र मालकीचा वा उपयोगाचा निर्देश नाही. उंचसखल, उथळ मातीची, पावसाळ्यात गवताने भरणारी आणि उन्हाळ्यात करपून जाणारी भूमी एवढाच त्याचा अर्थ. धनगरांचे कळप, काळवीट, लांडगा आणि माळढोक यांचे ते सामाईक क्षेत्र होते.

महसुली परिभाषेला हे सूक्ष्म भेद नको होते. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी मोजणी व आकारणीची पद्धत सुरू केली, ती पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र रूढ झाली. जमिनीचे मोल ती किती पीक देईल यावरून ठरविणे हे त्या पद्धतीचे सूत्र होते. आकारणीतून जे वजा झाले ते ‘खराबा’ ठरले. आणि ‘पोटखराबा’ हा शब्द आजही सातबाराच्या उताऱ्यावर आहे. सारा ठरविण्याच्या दृष्टीने ही संज्ञा सोयीची होती. परंतु कालांतराने हिशेबाची संज्ञा ही गुणवर्णन मानली गेली. जी जमीन पीक देत नाही ती निरुपयोगी, आणि निरुपयोगी जमीन सुधारलीच पाहिजे, अशी विचारसरणी रूढ झाली.

स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी पालटली नाही. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, आणि गवताळ व खुरट्या झुडपांच्या भूमीची गणना देशाच्या पडीक जमिनींत होत राहिली. ‘सुधारणा’ म्हणजे एक तर सिंचन, नाही तर वृक्षारोपण. झाडे लावणे हे निरपवाद पुण्यकर्म समजले गेल्यामुळे माळावर झाडे लावल्याने माळ नष्ट होतो, ही साधी गोष्ट नजरेआड झाली. दूरवर दृष्टी पोहोचेल अशा मोकळ्या जागीच माळढोक निर्धास्त असतो. दाट लागवडीत तो राहत नाही. कर्नाटकातील राणेबेन्नूर येथे गवताळ भूमीवर निलगिरी उभी राहिली आणि माळढोकाचे तेथील वास्तव्य संपले.

४

सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. १९७० नंतरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली तेथील माळाचे काही तुकडे चराईसाठी बंद करण्यात आले. योजनेचा हेतू दुष्काळनिवारणाचा होता. पक्ष्यासाठी ती आखलेली नव्हती. परंतु गवताला विसावा मिळताच ते वाढले, टोळ व किडे वाढले, आणि त्या राखलेल्या तुकड्यांत माळढोक विणीसाठी येऊ लागले. भोवतालच्या कोरडवाहू ज्वारीच्या व भुईमुगाच्या शेतांतही ते चरत. थोडी राखीव गवताळ जागा आणि सभोवती जुन्या पद्धतीची शेती एवढ्यावर हा पक्षी तग धरू शकतो, असा धडा नान्नजने दिला. १९८१ पासून मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने डॉ. असद रहमानी यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या अभ्यासातूनही या राखीव तुकड्यांचे महत्त्व स्पष्ट झाले.

मात्र १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरांचे. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, तसेच तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत व श्रीगोंदे असे तालुके त्यात आले. गावे, शेते, बाजारपेठा सर्व नकाशावर ‘अभयारण्य’ झाले. प्रत्यक्ष गवताळ भूमी त्यातील अल्पांश होती. परिणामी ज्या शेतकऱ्याने माळढोक कधी पाहिलाही नव्हता, त्याच्या जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले. आणि पक्ष्याचे नाव अडवणुकीचा पर्याय बनले. मध्य प्रदेशातील करेरा येथेही असेच घडले. १९८१ च्या अभयारण्यानंतर तेथे काळवीट वाढले, पिकांची नासाडी झाली, लोकांचा रोष पक्ष्यावर वळला आणि १९९० नंतरच्या दशकात माळढोक तेथून नाहीसा झाला.

इकडे १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. कालवे आले, त्यामागून ऊस आणि साखर कारखाने आले. पिढ्यान्‌पिढ्या अवर्षण सोसलेल्या लोकांनी पाण्याचे स्वागत केले यात नवल नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणेही न्याय्य नाही. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. हा निर्णय समंजस होता. पण तोवर माळ तुकड्या-तुकड्यांत विभागला गेला होता. अलीकडच्या वर्षांत नान्नज परिसरात एखाददुसरा पक्षीच नजरेस पडत आला आहे.

५

आज या जातीचा मुख्य आधार राजस्थानातील थरचे वाळवंट होय. १९७८-७९ च्या हिवाळ्यात अरब राजपुत्रांनी जैसलमेर भागात ससाण्यांच्या साह्याने तिलोर पक्ष्यांची शिकार आरंभिली, तेव्हा तीव्र लोकविरोध झाला. गोडावणाविषयीची जागृती त्यातूनच वाढली आणि १९८० मध्ये जयपूर येथे या पक्षिकुलावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. पुढील कालगती विलक्षण आहे. २०१९ मध्ये जैसलमेरजवळ सम येथे, रानातून गोळा केलेली अंडी कृत्रिम रीतीने उबवून पैदास सुरू झाली. त्यासाठी लागणारे तंत्रज्ञान अबू धाबीच्या, तिलोर-संवर्धनासाठी स्थापन झालेल्या संस्थेकडून मिळाले. शिकारीची हौस टिकविण्यासाठी अरब देशांत जी विद्या वाढली, तीच येथे रक्षणाच्या कामी आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाद्वारे माळढोकाचे पहिले पिल्लू जन्मले.

त्याच वाळवंटात सौर व पवनऊर्जेसाठी विजेच्या तारांचे जाळे पसरले आहे. माळढोकाची समोरची दृष्टी अरुंद. जड शरीरामुळे ऐन वेळी वळणे त्यास कठीण. म्हणून तारांवर आदळून तो मरतो. १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातील वाहिन्या शक्य तेथे भूमिगत करण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविण्यात आला. येथेही वाद अखेर भूमीच्या व्याख्येवरच येऊन ठेपतो. ऊर्जाप्रकल्पांना थरची भूमी सोयीची वाटते, कारण कागदोपत्री ती रिकामी आहे.

६

१९६९ च्या १,२६० वरून २०१८ च्या सुमारास हा अंदाज दीडशेच्या घरात आला. अंडी उबविण्याचे व पिल्ले वाढविण्याचे तंत्र आता हाती आले आहे. त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पुनर्वसन या शब्दात ‘वसन’ म्हणजे राहणे अभिप्रेत आहे. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी उद्या सोडावयाचा झाल्यास तो कोठे सोडावयाचा, या प्रश्नाला पैदास केंद्र उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर महसूल, वन, कृषी व ऊर्जा या खात्यांच्या दप्तरांत आहे. माळास खराबा न समजता माळ म्हणून नोंदविणे ही त्याची पहिली पायरी होय. नान्नजच्या तुकड्यांनी दाखविले की, अशी भूमी फार विस्तृत असावी लागत नाही. मात्र ती खरोखर माळ असावी लागते. ज्या अनाम मराठी भाषकांनी या पक्ष्यास नाव दिले, त्यांना ही गोष्ट ठाऊक होती.