फ्लॅशचा उदयास्त

जुन्या घराण्यांच्या माळ्यावर किंवा देवस्थानांच्या दफ्तरांत मोडी कागदांचे रुमाल अद्यापि सापडतात. गोमंतकात क्वचित गोयकानडीतील कागदही हाती लागतात. कागद शाबूत असतो, शाई टिकलेली असते. परंतु वाचणारा मिळत नाही आणि म्हणून तो मुका राहतो. मोडीवर ही वेळ यावयास काही पिढ्या जाव्या लागल्या. संगणकाच्या युगात मात्र असा एक प्रसंग अवघ्या पंचवीस वर्षांत, आम्हां सर्वांच्या डोळ्यांदेखत घडून गेला. तो म्हणजे फ्लॅश या तंत्राचा उदय आणि अस्त. त्याचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ही कथा १९९३ साली अमेरिकेत सुरू होते. जोनाथन गे या तरुणाने विद्यार्थिदशेतच मॅकिंटॉश संगणकासाठी खेळ रचून नाव मिळविले होते. चार्ली जॅक्सन यांच्या साहाय्याने त्याने फ्यूचरवेव्ह ही छोटी कंपनी काढली. हातात पाटीसारखा धरावयाचा आणि लेखणीने चालवावयाचा संगणक लवकरच घरोघरी येईल, असा त्या काळी अनेकांचा कयास होता. गे यांनी अशा संगणकांच्या पेनपॉइंट या प्रणालीसाठी स्मार्टस्केच नावाचे रेखाटनाचे साधन तयार केले. परंतु १९९४ साली ए. टी. अँड टी. कंपनीने पेनपॉइंटचा कारभारच आटोपता घेतला आणि स्मार्टस्केचला गिऱ्हाईक उरले नाही. हातात धरावयाच्या यंत्रासाठी जन्मलेले हे साधन त्या यंत्रावाचून पोरके झाले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा विलक्षण प्रतिध्वनी उमटणार आहे.

पोरके झालेले साधन गे आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट तात्सुमी यांनी साध्या मेजावरच्या संगणकावर आणले. १९९५ साली सिग्राफ या संगणकचित्रांच्या परिषदेत पुष्कळांनी त्यांस सुचविले की, यातून हलती चित्रे का करू नयेत? त्याच सुमारास वेबचा प्रसार होऊ लागला होता. चित्र ठिपक्याठिपक्याने न साठविता रेषा व वक्र यांच्या गणिताने साठविले, तर ते अगदी थोड्या जागेत मावते. टेलिफोनच्या तारेवरून मंदगतीने चालणाऱ्या तत्कालीन वेबला हा गुण वरदानच ठरला. १९९६ साली हे साधन फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर या नावाने प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेऊन त्याचे नाव फ्लॅश ठेविले.

ही हलती चित्रे दाखविण्याचा मार्ग नेटस्केप या ब्राउझरने नुकताच खुला केला होता. त्यास प्लगइन म्हणतात. यजमानाने परक्या आचाऱ्यास आपल्या घरातील एक चूल मोकळी करून द्यावी, तसा हा प्रकार होय. ब्राउझर पानावरील एक चौकट प्लगइनच्या स्वाधीन करी; त्या चौकटीत काय शिजते, हे यजमानास ठाऊक नसे. पाहुण्यांस पक्वान्ने मिळत, हे खरे. पण आचाऱ्याने आग भडकविली, तर घर यजमानाचेच जळे. शिवाय प्रत्येक निराळ्या यंत्रासाठी आचारीही निराळा घडवावा लागे.

मेजावरच्या संगणकांवर ही व्यवस्था उत्तम चालली. २००२ साली फ्लॅशमध्ये चित्रफिती दाखविण्याची सोय झाली, आणि २००५ साली निघालेले यूट्यूब तिच्याच आधारावर उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲडोबी कंपनीने मॅक्रोमीडिया आपल्यात सामावून घेतली. फोनवरही फ्लॅश पोहोचला होता. जपानातील एन. टी. टी. डोकोमोच्या फोनांवर २००३ साली फ्लॅश लाइट ही आटोपशीर आवृत्ती आली. तथापि ते फ्लॅशचे पूर्ण रूप नव्हते.

अशा स्थितीत २००७ साली ॲपलचा आयफोन आला, आणि त्यात फ्लॅशला जागा नव्हती. २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड लोकांसमोर आणला, तेव्हा वृत्तपत्राच्या पानावर फ्लॅशच्या जागी एक रिकामी चौकट सर्वांस दिसली. त्याच वर्षी २९ एप्रिलला त्यांनी एक खुले पत्र लिहून आपली कारणे मांडली. फ्लॅश एकाच कंपनीच्या मालकीचा आहे. तो सुरक्षित नाही. त्याने बॅटरी लवकर संपते. तो उंदराच्या टोकासाठी बनविलेला असून बोटाच्या स्पर्शासाठी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यांतील पुष्कळ आक्षेप खरे होते. केवळ टोक वर आणताच उघडणाऱ्या याद्या बोटाने कशा उघडाव्या? परंतु मोकळेपणाचा आग्रह धरणाऱ्या ॲपलचे स्वतःचे दुकानही कुलूपबंदच होते, हेही विसरता कामा नये. त्याच एप्रिलमध्ये ॲपलने नवा करार जारी करून फ्लॅशसारख्या परक्या साधनांनी रचलेल्या ॲप्सना मज्जाव केला. वर्षानुवर्षे हीच विद्या शिकलेल्या कारागिरांच्या पोटावर तो घाव होता. सप्टेंबरात तो निर्बंध सैल झाला खरा, पण तोवर अनेकांनी वाट बदलली होती.

ॲडोबीची धुरा त्या वेळी शंतनू नारायण यांजकडे होती. हे मूळचे हैदराबादचे व उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. जॉब्ज यांची तांत्रिक कारणे हे केवळ निमित्त आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. परंतु वादाचा निकाल शब्दांनी लागावयाचा नव्हता. २०१० साली अँड्रॉइड फोनांवर पूर्ण फ्लॅश आला. पण त्यास ताकदवान प्रोसेसर लागत, आणि फोन बनविणाऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे जुळवून घ्यावे लागे. अखेर ९ नोव्हेंबर २०११ रोजी ॲडोबीनेच फोनवरील ब्राउझरांसाठी फ्लॅश घडविण्याचे काम थांबविल्याचे जाहीर केले. आयफोनवर प्रवेश नसताना फ्लॅश सर्वत्र पोहोचणे शक्य नाही, अशी कबुली कंपनीचे माइक चेंबर्स यांनी मोकळेपणाने दिली. १५ ऑगस्ट २०१२ पासून अँड्रॉइडवर तो नव्याने घेणेही बंद झाले.

पुढचा प्रवास उतरणीचा होता. २०१४ साली एचटीएमएल ५ हे मानक अधिकृत झाले. आचाऱ्याचे काम यजमान स्वतःच करू लागला. २०१७ साली ॲडोबीने अंताची तारीख जाहीर केली. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्याच्या प्लेअरनेच चित्रे दाखविण्याचे नाकारले. हातातील यंत्रासाठी जन्मलेल्या या साधनाचा पाया हातातील यंत्रानेच उखडला, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय?

मग दोष कोणाचा? आमच्या मते, ॲडोबीचा किंवा ॲपलचा म्हणून सांगणे अपुरे आहे. पंचवीस वर्षांत हजारो कलावंतांनी, त्यांत कित्येक विद्यार्थी होते, फ्लॅशमध्ये चित्रकथा, खेळ आणि पाठ रचले. त्या सर्वांची किल्ली मात्र एकाच घरात होती. घराने दार लावले, त्या दिवशी फायली शाबूत असूनही मुक्या झाल्या. मोडीचे कागद नेमके असेच मुके झाले आहेत.

सुदैवाने मोडीलाही जाणकार भेटतात. माइक वेल्श यांनी आरंभिलेला रफल हा प्रकल्प मूळ प्लेअरशिवाय जुन्या फ्लॅशच्या फायली वाचतो, आणि त्याचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्हने त्याच्याच आधारे जुन्या चित्रकृती जतन करण्यास आरंभ केला. विशेष हे की, रफलला प्लगइन लागत नाही. साध्या ब्राउझरात, म्हणजे फोनवरदेखील, तो चालतो. ज्या दारातून ॲडोबीस आत जाता आले नाही, त्या दारातून निरपेक्ष बुद्धीने काम करणारे हौशी कारागीर आत गेले.

आज आपल्या उत्सवांची, कीर्तनांची आणि नाटकांची चित्रणे फोनांत साठत आहेत. ती कोणत्या स्वरूपात ठेविली आहेत आणि त्यांची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आपण आजच विचारावयास हवा. रुमाल बांधून ठेवणाऱ्याने तो उलगडणाराही मागे ठेवावा, एवढेच आमचे सांगणे आहे.