राखीव बळाचे मोल

२८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने दक्षिण ऑस्ट्रेलियातील विजेचे मनोरे पाडले. पाठोपाठ पवनचक्क्यांची ४५६ मेगावॉट वीज सात सेकंदांत घटली. शेजारच्या राज्यातून येणाऱ्या वाहिनीला तो भार पेलवला नाही आणि राज्य अंधारात बुडाले.

जुन्या केंद्रातील जड चक्र धक्क्यासरशी आपल्या गतीतून जादा शक्ती पुरवते. पवनचक्कीची वा बॅटरीची वीज परिवर्तकातून जाते, आणि तो नेमल्या मापापलीकडे फारसा ताण सोसत नाही. म्हणून त्याचे माप संकटाच्या भारावर बेतावे लागते. हॉर्न्सडेलची बॅटरी २०१७ साली १०० मेगावॉटची होती, २०२० साली ती १५० ची झाली.

हिशेबनीस असे बळ रिकामे समजतो. आम्ही गिरणीच्या दाराशी तिष्ठणारे बदली कामगार पाहिले आहेत. गैरहजेरीच्या दिवशी साचे चालत ते त्यांच्याच जिवावर. तिष्ठण्याचेही मोल दिलेच पाहिजे.