सुरतेचा गेंडा आणि लिस्बनचा दगड

सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांची 1664 आणि 1670 ची स्वारी आठवते. पण त्याच्याही दीडशे वर्षे आधी सुरतेच्या वाटेने एक जनावर आपल्या गोव्यात आले आणि इथून थेट युरोपात गेले. त्याचे स्मारक आज लिस्बनमध्ये आहे. ते जनावर म्हणजे गेंडा.

झाले असे, की 1510 साली गोवा घेतल्यावर आफोंसो द आल्बुकर्कला दीव हवे होते. 1514 मध्ये त्याने गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्याकडे वकील पाठवले. ते सुरतेला उतरले. सुरतेत ज्याच्या नावाचा गोपी तलाव आहे, तो मलिक गोपी पोर्तुगिजांना अनुकूल होता. तरीही सुलतानाने दीवला किल्ला बांधू दिला नाही. नकार मात्र गोड केला. भेटी दिल्या, त्यात एक जिवंत गेंडा!

आता हा गेंडा गोव्यात ठेवून करायचे काय? आल्बुकर्कने तो राजा मानुएलकडे धाडला. जानेवारी 1515 मध्ये जहाज निघाले. बरोबर ओसेम नावाचा राखणदार होता (ही नोंद अर्थातच पोर्तुगीज उच्चाराची). सुमारे चार महिन्यांनी, 20 मे 1515 रोजी गेंडा लिस्बनला पोचला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला तो हाच.

मग तमाशा झाला. हत्ती आणि गेंडा जन्माचे वैरी असतात, असे रोमन ग्रंथकार प्लिनी लिहून गेला होता. ते खरे की खोटे पाहायला 3 जूनला राजवाड्याच्या आवारात गेंड्यापुढे एक तरुण हत्ती आणला. हत्ती पळून गेला! लंडनला फिलिप ॲस्टलीने आधुनिक सर्कशीचा पाया घातला 1768 साली, आणि आपल्या विष्णुपंत छत्र्यांची सर्कस आली 1880च्या दशकात. पण परक्या मुलखातले जनावर आणून लोकांपुढे उभे करायचे, हा सर्कशीचा धर्म त्या आवारात आधीच पाळला गेला होता.

राजालाही गेंडा फार दिवस नको होता. त्याने तो पोप दहावा लिओ याला भेट पाठवला. सरकारी कचेरीत माझी उमेद गेली, म्हणून मला हा प्रकार ओळखीचा वाटतो. नकोशी फाईल प्रत्येक जण मोठ्या आदराने पुढच्या टेबलावर सरकवतो. सुलतान, आल्बुकर्क, मानुएल, पोप! 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले. गेंड्याला पोहता येते, पण हा साखळदंडाने बांधलेला होता. तो बुडाला.

न्युरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने हा गेंडा कधी पाहिला नाही. कोणीतरी पाठवलेले वर्णन आणि रेखाटन समोर ठेवून त्याने 1515 मध्येच लाकडी ठशाचे चित्र केले. अंगावर चिलखताचे पत्रे, पाठीवर आणखी एक लहान शिंग. दोन-अडीचशे वर्षे युरोप तेच चित्र खरे मानत होता.

लिस्बनचा बेलेंचा बुरूज त्याच सुमारास बांधला जात होता. त्याच्या एका टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी दगडात गेंड्याचे मस्तक कोरले आहे. आता ते इतके झिजले आहे, की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. 1983 पासून तो बुरूज जागतिक वारशात आहे.

मला विचाराल तर हे गेंड्याचे स्मारक नव्हे, ज्याने तो मिळवला त्याच्या वैभवाचे आहे. गेंड्याचा चारापाणी करणाऱ्या, त्याच्या संगतीने समुद्र ओलांडणाऱ्या ओसेमला त्या बुरुजावर जागा नाही. आपल्या बाजूने मात्र एक गोष्ट टिकली. पोर्तुगिजांनी त्या जनावराला आपल्याकडच्याच शब्दाने 'गांदा' म्हणून ओळखले. संस्कृतातला 'गंडक', आपला 'गेंडा', त्याच घराण्यातला हा शब्द. पोर्तुगीज गेले, दीव आणि गोवा 1961 ला सुटले, दगडावरचे नाक-डोळे पुसले गेले. शब्द अजून शाबूत आहे.