खापर आणि उद्याचा काळ

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल सिद्ध केला. अशा अहवालात खापर आपल्याला भेटते ते थराचा काळ सांगणारा पुरावा म्हणून. पुरातत्त्वाच्या शिस्तीला ते धरूनच आहे. परंतु भांडी घडवणारा समाज आजही नांदत असेल, त्याची माती आणि भाषा शाबूत असेल, तर त्याने आपल्या खापरांकडे कसे पाहावे? अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या कोचिती प्युएब्लोचे कुंभार-कलावंत व्हर्जिल ऑर्टिझ (जन्म १९६९) यांच्या कामाचा गाभा हाच प्रश्न आहे.

त्यामागे एक इतिहास आहे. १० ऑगस्ट १६८० रोजी प्युएब्लो गावांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध एकाच वेळी उठाव केला. या गावांच्या भाषा निरनिराळ्या होत्या. म्हणून पोपे या नेत्याने गावोगाव गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की उठायचे. निरोप नेणारे दोन धावपटू पकडले गेले, तेव्हा ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता उठाव झाला. सुमारे चारशे स्पॅनिश माणसे मारली गेली, त्यांत एकवीस धर्मोपदेशक होते. पुढची बारा वर्षे तो प्रदेश स्पॅनिशांच्या हाती नव्हता.

ऑर्टिझ यांनी या घटनेला पाचशे वर्षे पुढे नेऊन '१६८०/२१८०' ही कथामालिका रचली. डेन्व्हर कला संग्रहालयात २०१५ मध्ये तिचे प्रदर्शन झाले. तीत आंधळे तिरंदाज आहेत, त्यांची नायिका ताहू आहे, अवकाशात संचार करणारे योद्धे आहेत. आक्रमक पुन्हा चालून आले आहेत आणि हे योद्धे रणभूमीवर उरलेली मातीची खापरे शोधत आहेत, कारण माती, भाषा आणि रीती टिकल्या तरच समाज टिकेल. पवनीत आपण खापरावरून मागचा काळ वाचतो. येथे पुढचा काळ खापरावर तगतो.

कल्पना भविष्यातली असली तरी कृती जुनीच आहे. माती कोचितीच्या भूमीतली, काळा रंग रानभाजी उकळून आटवलेला, हात आई सेफेरिना आणि आजी लॉरेन्सिता हेरेरा यांच्याकडे शिकलेला. तरीही याला 'परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम' म्हणणे अपुरे ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोचितीचे कुंभार व्यापारी, पाद्री, सर्कशीतले कलाकार अशा परक्या पाहुण्यांच्या मिस्कील मूर्ती घडवत होते. म्हणजे समोर आलेल्या काळाला मातीतून उत्तर देणे हीच तेथली परंपरा आहे. ऑर्टिझ तीच चालवतात. फक्त त्यांचे पाहुणे अजून यायचे आहेत.

'आदिवासी भविष्यवाद' ही संज्ञा अभ्यासक ग्रेस डिलन यांनी रूढ केली. साहित्याच्या अभ्यासकाला तिचा उपयोग एवढाच की, ती एक सवय उघडी पाडते. कुंभार आपल्या पाठ्यपुस्तकांत बारा बलुतेदारांच्या यादीत येतो, लोककला 'जतन' या शब्दाबरोबर येते आणि दोन्हींचा काळ भूतकाळ असतो. ज्या समाजाला आपण केवळ भूतकाळ बहाल करतो, त्याचा उद्यावरचा हक्क आपण नकळत नाकारलेला असतो. ऑर्टिझ यांच्या मूर्ती तो हक्क मातीतून परत मागतात.