हबमध्ये जाम झालेला ड्राइव्हशाफ्ट काढणे

ज्या मोटारगाडीत इंजिनाची शक्ती पुढील चाकांना मिळते, तिच्या गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत फिरती गती पोहोचविणाऱ्या पोलादी दांड्याला ड्राइव्हशाफ्ट म्हणतात. गॅरेजमध्ये त्यालाच सर्रास ‘एक्सेल’ म्हटले जाते. या दांड्याचे बाहेरचे टोक हबमध्ये, म्हणजे बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा असतो तशा मोटारीच्या चाकाच्या मध्यभागात, खोचलेले असते. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाशी असलेला सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, झिजून वळणावर कटकट आवाज येऊ लागला, त्यावरील रबरी बूट फाटले किंवा चाकाचे बेअरिंग बदलावयाचे झाले, की शाफ्ट हबमधून बाहेर काढावा लागतो. एरवी हाताने किंवा हलक्या ठोक्याने सरकणारा हा शाफ्ट गंजामुळे हबशी एकजीव झाला असेल, तर तो जाम झाला असे म्हणतात.

रचना : शाफ्टच्या टोकावर लांबीच्या दिशेने उभे दाते कापलेले असतात व हबच्या भोकात त्यांना जुळणाऱ्या खाचा असतात, या जोडणीला स्प्लाइन म्हणतात. तिच्यामुळे शाफ्ट व हब बरोबरच फिरतात, मात्र शाफ्ट अक्षाच्या दिशेने सरकू शकतो. तो सरकू नये म्हणून टोकावर मोठा नट आवळलेला असतो. हब ज्या बेअरिंगमध्ये फिरतो ते बेअरिंग नकल या ओतीव भागात बसविलेले असते आणि नकल बॉल जॉइंट, टाय रॉड व शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांना जोडलेले असते. चाक वळलेले असतानाही गती समान ठेवणारा बाहेरचा सांधा म्हणजे सीव्ही जॉइंट होय. ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेल्या मिनी या छोट्या गाडीपासून तो घरगुती मोटारींत रूढ झाला. भारतात अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांची मागील चाके फिरविली जात असल्याने पुढच्या हबमधील ही अडचण त्यांच्यात उद्भवत नसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आल्यानंतर मात्र येथील कारागिरांना या अडचणीची ओळख झाली.

कारणे : लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. दात व खाच यांमधील फट केसाएवढी असल्यामुळे तिथे धरलेला गंज पाचरीप्रमाणे दोन्ही भागांना दाबून धरतो. गाडी चालताना दात्यांमध्ये जी अतिसूक्ष्म घासाघीस होते, तिच्यातून निघालेली भुकटीही ऑक्सिडीकरण पावून याच फटीत साचते. कोकण किनारपट्टी, मुंबई व गोवा येथील खारी हवा आणि पावसाळ्यातील पाणी ही क्रिया वेगाने घडवितात. थंड देशांत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ हेच काम करते.

पूर्वतयारी : शाफ्टच्या टोकावरील नटाचा आवळ गाडीनुसार साधारणतः १५० ते ३०० न्यूटन-मीटर असल्याने तो गाडी उचललेल्या स्थितीत सैल करू पाहिल्यास गाडी स्टँडवरून घसरण्याचा धोका असतो. म्हणून आधी नटाची ठोकून दाबलेली कड उचलून किंवा कॉटर पिन काढून, हँडब्रेक लावून, मागील चाकांना अडणी घालून, गाडी जमिनीवर असतानाच लांब दांड्याच्या पान्याने तो केवळ ढिला करतात. नट ढिला झाल्यावर गाडी पुढे-मागे ढकलू नये, कारण अनेक बेअरिंगांच्या आतील कड्या या नटाच्या दाबानेच एकत्र राहतात. काही उत्पादक तर चाकावर भार असताना नट सोडविण्याची मनाईच करतात, त्यामुळे त्या गाडीचे माहितीपुस्तक आधी पाहणे आवश्यक ठरते. त्यानंतर गाडी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवतात, चाक व नट काढतात, ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने टांगतात, म्हणजे त्याचा भार ब्रेकच्या नळीवर येत नाही, आणि स्प्लाइनच्या दोन्ही तोंडांशी गंज सोडविणारे तेल घालून ते रात्रभर मुरू देतात.

पद्धती : सर्वांत खात्रीची पद्धत पुलरची होय. पुलरची तबकडी चाकाच्या बोल्टांवर घट्ट बसवून तिच्या मधोमध असलेल्या स्क्रूने शाफ्टच्या टोकावर दाब दिला जातो. २० मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूला १०० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर बहुतांश टॉर्क घर्षणात जाऊनही शाफ्टवर सुमारे अडीच टन बल पडते. येथे ओढ हबवर व दाब शाफ्टवर असल्याने बल दोन्ही भागांतच फिरते, बेअरिंगवर येत नाही. याच एका गोष्टीमुळे ही पद्धत हातोड्यापेक्षा श्रेष्ठ ठरते. शाफ्ट तरीही हलला नाही, तर दाब कायम ठेवून तासभर थांबतात व स्क्रूच्या डोक्यावर एखादा ठोका देतात. ताणाखाली असलेला गंज अशा धक्क्याने अनेकदा तडकतो. शाफ्ट सरकू लागल्यावर खालचा बॉल जॉइंट किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे बोल्ट सोडवून नकल बाहेर झुकवितात. त्या वेळी शाफ्टला हाताचा आधार द्यावा लागतो, नाहीतर गिअरबॉक्सकडील आतल्या सांध्यातील रोलर निसटतात.

उष्णतेचा उपाय मर्यादित आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने प्रसरण पावते. म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचे भोक १०० अंशांनी तापविल्यास अवघे ०.०३ मिलिमीटर रुंदावते. गंज सुटण्यास एवढी फटही पुरू शकते, परंतु त्या तापमानाने बेअरिंगमधील ग्रीस, रबरी सील आणि एबीएसचे संवेदक यांची हानी होऊ शकते. गंज सोडविणाऱ्या तेलाची वाफही पेट घेऊ शकते. बेअरिंग बदलावयाचेच असेल, तेव्हाच हा मार्ग हाताळतात.

टाळावयाच्या चुका : उघड्या शाफ्टच्या टोकावर घणाने मारल्यास आटे चेपून टोक छत्रीसारखे पसरते व शाफ्ट निघण्याऐवजी कायमचा अडकतो, म्हणून ठोकणे अटळ असल्यास जुना नट टोकाच्या पातळीपर्यंत चढवून मधे तांब्याचा किंवा लाकडाचा तुकडा धरतात. अशा आघाताचे बल बेअरिंगच्या गोळ्यांमधून नकलपर्यंत जाते व गोळ्यांचे ठसे कड्यांवर उमटतात, त्यामुळे शाफ्ट सुटला तरी बेअरिंग पुढे घुमू लागते. पुलरने व तेलाने दाद न दिल्यास नकल, हब व शाफ्ट एकत्रच उतरवून कार्यशाळेतील हायड्रॉलिक प्रेसवर नेणे हेच स्वस्त पडते.

पुनर्जुळणी : दोन्ही बाजूंची स्प्लाइन तारेच्या ब्रशने स्वच्छ करून, झिजलेले दात तपासून, उत्पादकाने मनाई केली नसेल तर गंजरोधक ग्रीसचा पातळ थर देतात. नट नेहमी नवा वापरतात, कारण एकदा दाबलेली कड पुन्हा पकड घेत नाही, आणि तो टॉर्क रेंचने ठरलेल्या मापापर्यंत आवळतात. ग्रीसचा हा थर पुढच्या वेळी शाफ्ट हाताने सरकावा यासाठीच असतो.